किरकोळ जखमी

बातमी चारच ओळींची होती आणि तिच्यातली वृद्ध महिला म्हणजे बद्रीनाथची आई होती. नाव छापलेलं नव्हतं, पण आपली आई माणसाला काय नावावरून ओळखू येते? ‘स्वेटरविक्रेत्या तिबेटींची वृद्धेस मारहाण’ असा मथळा होता. त्याखाली, शहरात दर थंडीत दुकानं लावणाऱ्या तिबेटी निर्वासितांनी खरेदीला आलेल्या वृद्धेला पैशांच्या वादातून ढकलून दिलं, वृद्धा किरकोळ जखमी, संतप्त नागरिकांनी एका विक्रेत्याला पोलिसांच्या हवाली केलं, एवढंच. हीच बातमी त्यानं आठवड्यापूर्वी कागदावर वाचली होती. तेव्हा ती नुसती बातमी होती. घडी घालून रद्दीत टाकता आली होती. आज ती त्याच्या कामात येऊन पडली होती. संगणकाच्या पडद्यावर तिच्याखाली रिकामे रकाने होते आणि ते भरल्याशिवाय पुढची बातमी उघडत नव्हती. बद्रीनाथ उठला, माठातलं पाणी प्यायला, तहान नसताना आणखी एक पेला प्यायला, आणि परत येऊन बसला. बातमी होती तिथंच होती.

हे काम मिळालं तेव्हा त्यानं पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. कॉलेजात राज्यशास्त्र शिकवता शिकवता केस पिकले तरी नोकरी पक्की झाली नव्हती. जेवढे तास तेवढा पगार, आणि उन्हाळ्यात हरी हरी. अशात परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठानं जगातली हिंसा मोजायला काढली. सगळी नव्हे, तेवढी कोण मोजणार; फक्त निर्वासितांची. आपला देश सोडून जे दुसऱ्याच्या देशात आसऱ्याला गेले त्यांनी तिथं कुणाला मारलं, आणि तिथल्यांनी त्यांना किती मारलं. वर्तमानपत्रांतल्या बातम्या गोळा व्हायच्या आणि त्यांतल्या मराठी-हिंदी बातम्या गारखेड्यातल्या त्याच्या घराच्या या काचा लावून बंद केलेल्या गॅलरीत यायच्या. मारणारे कोण, मार खाणारे कोण, कशानं मारलं, मेले किती, जखमी किती. प्रत्येक बातमी दोघांनी वाचायची, एकमेकांना न विचारता, आणि दोघांचं जुळलं तरच ती मोजणीत घ्यायची. दुसरी वाचक होती वहिदा. ती छावणीत, म्हणजे शहराच्या लष्करी भागात राहायची, त्याच्याच कॉलेजात तासावर राबली होती, उर्दू बातम्याही तीच बघायची. नियम एकच, पण कडक: छापलंय तेवढंच धरायचं, वाचणाऱ्यानं पदरचं काही घालायचं नाही. बद्रीनाथला हा नियम फार आवडायचा. आयुष्यभर त्याला जो भेटला त्यानं पदरचं घालूनच इतिहास सांगितला होता. इथं निदान कुणाच्या आज्या-पणज्याचं काही चालत नव्हतं. ‘यजमान देश’ हा शब्द मात्र त्याला गमतीचा वाटायचा. यजमान म्हटलं की पाट-रांगोळी डोळ्यांपुढं येते, असं तो एकदा वहिदाला म्हणाला होता. ‘और हाथ में लाठी,’ ती म्हणाली होती, आणि दोघंही हसून कामाला लागले होते.

त्या रविवारी तो आईला घेऊन छावणीच्या रस्त्यालगतच्या मैदानावर गेला होता. दिवाळी सरली की तिथं तिबेटी लोकांच्या ताडपत्र्या लागतात, आणि एरवी एकमेकांच्या तोंडाकडं न बघणारं शहर तिथं एकमेकांच्या अंगात स्वेटर घालून बघतं. द्वारकाबाईला हुडहुडी भरायची. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई. सुनेनं आणलेली शाल तिला ‘घसरती’ म्हणून नको होती. तिनं वांगी रंगाचा, पुढं बटणं असलेला एक स्वेटर बोटानं दाखवला. दुकानातल्या मुलीनं तो तिच्या अंगात लुगड्यावरून घातला, बाह्या ओढून दिल्या, खालचं बटण वाकून लावलं. “लई ऊब हाय गं माय ह्याच्यात,” द्वारकाबाई म्हणाली आणि पोरीच्या गालावरून हात फिरवून तिनं स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. पोरीला ते काय आहे कळलं नाही, पण ती हसली. एवढ्यात वहिदाचा फोन आला. एका न जुळलेल्या बातमीवरून दोघांचं वाजलं होतं. डोंगरातल्या कुठल्याशा गावी एका दुकानदारानं तिबेटी पोराला दुकानातून ढकलून काढलं होतं. नुसतं ढकलणं ही हिंसा धरायची की नाही? वहिदा म्हणत होती धरायची. फोन नीट ऐकू यावा म्हणून बद्रीनाथ टोप्यांच्या दुकानापलीकडं गेला आणि एका हातानं दुसरा कान दाबून तिला धक्का आणि मार यांतला फरक समजावत राहिला.

आणि तिथं चूक झाली. ती चूकच होती, हे तो आजही छातीवर हात ठेवून सांगू शकला असता, आणि सांगून उपयोग नव्हता, कारण ती त्याची खरी चूक नव्हतीच. द्वारकाबाईनं जन्मात बाजारात पैसे दिले नव्हते. गंगापूरच्या बाजारात आधी बाप द्यायचा, मग नवरा, आणि शहरात आल्यापासून बद्री. भाव बाईनं करायचा, अगदी दुकानदाराला रडवायचा, वस्तू पदराखाली घ्यायची आणि पुढं चालू लागायचं; मागं उभा असलेला पुरुष काय ते बघतो. त्या दिवशी बद्रीनाथच्या बायकोनं मात्र निघताना सांगितलं होतं, ‘आईंच्या हातात पैसे द्या, त्यांना स्वतः घेऊ द्या एकदा, बरं वाटेल त्यांना.’ म्हणून त्यानं रिक्षातच आईच्या हातात मोठी नोट ठेवली होती. तिनं ती कपाळाला लावून कनवटीला खोचली. लेकानं खर्चायला दिली असं तिला वाटलं असणार. त्यामुळं स्वेटर अंगात घालून, वर पदर घेऊन ती निघाली तेव्हा तिच्या हिशेबी बद्री पैसे देत होता, आणि बद्रीच्या हिशेबी पैसे मायनं दिले होते.

मुलगी मागून धावत आली. “अम्माजी, पैसा,” एवढंच म्हणत तिनं द्वारकाबाईचा दंड धरला. पाठीमागून कुणीतरी धरलं म्हणून म्हातारी दचकली, हिसडा देऊन निघाली, ताडपत्रीच्या दोरीत तिचा पाय अडकला आणि ती कोपरावर पडली. चहाच्या गाड्यावरची पोरं उठली. ‘म्हातारीला पाडलं’ ही आरोळी आणि ‘चोरी’ हा शब्द, दोन्ही बद्रीनाथच्या कानावर एकदमच आले. कोण कुणाला म्हणालं ते कळलं नाही. तो पोचला तोवर कडं झालं होतं. मुलीचा काका, टोपी घातलेला एक सुरकुतलेला माणूस, हात जोडून प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत “पैसा नहीं दिया भाई, पैसा नहीं दिया” म्हणत होता. गल्लीतला बन्सी, गणपतीची वर्गणी मागायला यायचा तोच, बद्रीनाथला बघून पुढं झाला. “काका, ही तुमची आई हाय व्हय? ह्ये लोकं म्हणतेत पैसे दिले नाय. तुम्हीच सांगा, दिले का नाय?” माय मातीत बसलेली होती. तिचा पदर खांद्यावरून पडला होता आणि कमरेपाशी लुगड्याच्या वळीतून त्या नोटेचं टोक वर आलेलं होतं. ते फक्त बद्रीनाथला दिसलं, किंवा दिसलं तरी त्याचा अर्थ फक्त त्यालाच लागला. मायनं मान वर करून त्याच्याकडं बघितलं. “दिले की,” बद्रीनाथ म्हणाला.

नंतर त्यानं हा क्षण पुष्कळदा उलटून-पालटून बघितला. माणूस जिभेनं दुखरा दात चाचपतो तसा. त्याला कुणी धमकावलं नव्हतं. नाही म्हणायला वेळ होता. ‘अरे थांबा, घोटाळा झालाय, हे घ्या पैसे’ असं हसून म्हटलं असतं तर बन्सीसुद्धा हसला असता, गाड्यावर जाऊन उरलेला चहा प्यायला असता. पण ‘चोरी’ हा शब्द हवेत होता आणि माय वर बघत होती. पुढं जे झालं त्याकडं बद्रीनाथनं पाठ केली होती, आणि तरी त्याला ते दिसलंच. दुकानाचा लोखंडी पाइप उपसल्यावर ताडपत्री खाली आली. म्हाताऱ्यानं डोक्यावर आडवा धरलेला हात कोपराखाली मोडून लोंबायला लागला. मुलीचं ओरडणं कुठल्या भाषेत होतं कळत नव्हतं. रंगीत स्वेटरांचा ढीग धुळीत पसरला आणि पोरं त्याच्यावरून पळत होती. त्यानं मायला उठवून रिक्षात घातलं. “आपण नको बघायला,” तो म्हणाला. संध्याकाळी बन्सी एका शिपायाला आणि एका वार्ताहराला घेऊन घरीच आला. सगळं लिहून तयार होतं. मायचा नुसता अंगठा पाहिजे होता. तिनं विचारलं, “कशाला?” बन्सी म्हणाला, “आजी, तुमाला पाडलं ना त्यायनं, म्हणून.” ती पडली होती हे खरंच होतं. तिनं अंगठा दिला आणि बोटावरची शाई पदराला पुसू नये म्हणून हात कितीतरी वेळ हवेत धरून ठेवला.

चोर हा शब्द द्वारकाबाईला नवा असता तर कदाचित तो ‘दिले की’ म्हणालाच नसता. असं तो स्वतःला सांगायचा, आणि ही पळवाट आहे हेही त्याला माहीत होतं. अठ्ठेचाळीस साली, पोलीस ॲक्शनच्या आधीच्या पावसाळ्यात, रझाकारांच्या भीतीनं गंगापूर तालुक्यातली तिची वाडी रातोरात गोदावरीपलीकडं गेली होती. पलीकडं नगर जिल्हा. तिथं निजामाचं राज्य नव्हतं. पोरीबाळींना गुळाच्या काहिलीत बसवून माणसांनी पोहत ती काहील ढकलत नेली होती. पलीकडच्या एका बागायतदारानं त्यांना गुरांच्या गोठ्यात जागा दिली, भाकरीही दिली. वाईट माणसं नव्हती. पण पोरं त्यांना ‘मोगलाईवाले’ म्हणून चिडवायची, आणि एक दिवस मालकिणीचा चोळीचा खण हरवला. द्वारका तेव्हा दहा वर्षांची होती, वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीजवळ खेळत होती. तिला अंगणात उभं करून, सगळ्या बायकांसमोर परकर सोडून झाडला होता, आणि तुरकाठीनं पाठ फोडली होती. तिची आई गोठ्याच्या दारात उभी राहून बघत होती. आसऱ्याला आलेल्या माणसानं काय बोलावं? खण पुढं कोंबडीच्या डालग्याखाली सापडला म्हणे. ते सांगायला कुणी आलं नाही. ही गोष्ट मायनं आयुष्यात एकदाच सांगितली, आणि तीही या कामामुळं. ‘तू दिसभर काय करतो रं हितं बसून?’ असं तिनं विचारलं होतं. त्यानं समजावलं, की दुसऱ्याच्या मुलखात गेलेल्या लोकांना कुठं कुठं मार पडतो ते मोजतो. ती म्हणाली, “मंग माझं बी मांड की.” आणि सगळं सांगितलं. तो हसला होता. “माय, ते छापून आलं होतं का कुठं?” “कोण छापील रं पोरीचा मार,” ती म्हणाली होती, आणि तीही हसली होती.

आता माय मांडली जाणार होती. बद्रीनाथनं पहिल्या रकान्यापाशी बाण नेला. मारणारे: निर्वासित. मार खाणारे: यजमान देशातले नागरिक. मृत: नाही. जखमी: एक, किरकोळ. त्या म्हाताऱ्याचा मोडका हात ‘पोलिसांच्या हवाली केलं’ या तीन शब्दांत कुठंतरी गुंडाळलेला होता, पण छापलेला नव्हता. पदरचं घालायचं नाही. इतकी वर्षं ज्या नियमाला तो हात जोडत आला होता तो नियम आता त्याच्या पाठीशी उभा होता, आणि बद्रीनाथनं दोनदा बाण मागं घेतला. घटना नुसती चुकीची मोजली जात नव्हती, उलटी मोजली जात होती. जगात कुठंतरी एक तक्ता होता, त्यात तिबेटी लोकांच्या नावावर एक घटना वाढणार होती, आणि उद्या कुणी शहाणा माणूस त्या तक्त्यावरून म्हणणार होता, की बघा, आसरा दिला की असं होतं. त्या एका आकड्याच्या आत त्याची माय होती, वांगी रंगाच्या स्वेटरमध्ये. त्यानं बटण दाबलं. पुढची बातमी उघडली. ती दूरच्या कुठल्यातरी निर्वासितांच्या छावणीतली होती, आणि त्यानं ती दोनदा वाचली तरी एक अक्षर डोक्यात शिरलं नाही.

अर्ध्या तासात वहिदाचा फोन आला. “बद्री सर, पूछना नक्को, नियम है. मगर ही तर आपल्याच गावची बातमी आहे. मी रोज जाते त्या मैदानावरनं. तुम्हाला काही माहीत आहे का?” बद्रीनाथ म्हणाला, “नाही.” तोंडातून निघाल्यावर त्याला आश्चर्य वाटलं ते याचं, की दुसरी खेप किती सोपी जाते. “मला भाजीवाली सांगत होती,” वहिदा म्हणाली, “उस बुढ्ढे को भोत मारे. हात तोडून टाकला. पण छापलं नाही ना. मी पण मग छापलंय तेवढंच भरलं. जुळेल बघा. छापलं नाही म्हणजे झालंच नाही. हमारे जैतुन नानी का भी वहीच हिसाब है.” बद्रीनाथला ही जैतुननानी माहीत होती. ॲक्शननंतर गावातली मुसलमान माणसं मारली गेली तेव्हा कडेवर एक लेकरू आणि हाताला एक धरून ती चालत शहरात आली, छावणीत कुणाच्या तरी पडवीत राहिली, आणि परत गेली नाही. “सरहद पार नहीं की ना उन्होंने,” वहिदा म्हणाली. “गाव से शहर. निर्वासित कैसे होंगे? किसी रकाने में नहीं बैठते.” ती हसत होती; तिची सवय होती तशी. बद्रीनाथनं तिला कधी विचारलं नव्हतं की नानीचं गाव कोणतं. मनात पुष्कळदा आलं होतं. पण त्याच्या आजोळी एक मोठं पितळी घंगाळ होतं, लहानपणी सुटीत गेला की तो त्यात बसून अंघोळ करायचा, आणि ते घंगाळ आधी कमरोद्दीन अत्ताराच्या घरातलं होतं हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. नदीपलीकडून मार खाऊन परत आलेल्या लोकांना अत्ताराचं घर उघडं सापडलं होतं. ते कसं उघडं पडलं हे कुणी सांगत नसे. फार तर ‘तवाच्या गोष्टी तवा’ म्हणत. वहिदानं गाव सांगितलं आणि ते तेच निघालं तर? म्हणून त्यानं विचारलं नव्हतं, आजही विचारलं नाही. “ठीक आहे मग,” तो म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर लगेच चपला घालून बाहेर पडला.

मैदानावर दुपारच्या उन्हात ताडपत्र्या उतरवणं चाललं होतं. दुकानांची परवानगी काढून घेतली होती. जायचा हुकूम होता. एवढी थंडी शिल्लक असताना शहर स्वेटरवाल्यांना हाकलत होतं. ती मुलगी गोणीत स्वेटर कोंबत होती. तिनं त्याला लांबूनच ओळखलं, पण ओरडली नाही, हातातलं काम थांबवलंही नाही. बद्रीनाथ जवळ जाऊन उभा राहिला. शिव्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं. “आपने झूठ क्यों बोला?” तिनं विचारलं. अगदी वर्गात पोरं विचारतात तसं, उत्तर पाहिजे म्हणून. “मुझे लगा माँ ने दिए होंगे,” तो म्हणाला. त्या दिवशी सकाळपासूनचं हे तिसरं खोटं होतं की दुसरं, ते त्याला ठरवता येईना. “अब तो मालूम है ना?” “हां.” “तो थाने में बोल दो. अंकल का हाथ में प्लास्टर है. पुलिस अस्पताल में खाट के पास बैठता है. कल छुट्टी देगा, फिर जेल ले जाएगा. थानेवाला साहब बोला, अम्माजी खुद आकर बोलेगा तो केस खतम.” तिनं गोणीचं तोंड दोरीनं आवळलं. “एक बार अम्माजी को ले के आओ. बस.” तिचं नाव काय, हे बद्रीनाथला माहीत नव्हतं, बातमीतही नव्हतं. विचारावंसं वाटलं, पण कुठल्या तोंडानं विचारायचं? “लाता हूँ,” तो म्हणाला. “आज ही लाता हूँ.” तेव्हा कुठं तिनं हात थांबवून त्याच्याकडं नीट बघितलं, आणि मान डोलावली. तिनं विश्वास ठेवला होता, हे त्याला अगदी स्पष्ट दिसलं.

रिक्षात त्यानं वाक्य घोकून घेतलं. माय, घोटाळा माझा झाला. पैसे द्यायचे राहिले. चल, ठाण्यात जाऊन सांगू, अंगठा परत घेऊ. चार सोपी वाक्यं. यात कुणी चोर नव्हतं. तासाला उभं राहताना करायचा तशी त्यानं मनात त्यांची उजळणी केली, क्रांती चौकात एकदा, पुढच्या सिग्नलला पुन्हा एकदा, आणि घर जवळ आलं तसं त्याला हलकं वाटायला लागलं. हे इतकं सोपं होतं तर आठवडाभर आपण काय उराशी धरून बसलो होतो, याची त्याला लाज वाटली. माय गॅलरीत त्याच्या खुर्चीशेजारी उन्हात पाय पसरून बसली होती. स्वेटर अंगात होता, वर पदर. समोर सकाळचं ताट झाकून ठेवलेलं होतं. तो काही बोलायच्या आत तीच म्हणाली, “बद्री, हितं बस. एक इचारायचं हाय.” तो बसला. “त्ये नोट माझ्याजवळच हाय रं. त्या दिसाचं लुगडं धुयाला काढलं तवा घावली पर्वाच्याला. मी म्हन्लं, ही तर तू मला दिल्याली. मंग त्या पोरीला तू दिले व्हते ना?”

बद्रीनाथच्या ओठावर ती चार वाक्यं होती. “माय,” तो म्हणाला. ती त्याच्या तोंडाकडं बघत होती. तिच्या हनुवटीखालची कातडी हलत होती. “मला झोप नाय बग तवापासून,” ती म्हणाली. “घास जात नाय. त्ये म्हातारं हात जोडीत व्हतं ना, त्ये दिसतंय. मी म्हन्लं, त्ये खरं तर बोलत नसंल? मी बिनपैशाचं घालून तर आले नाय? ह्या वयात?” तिनं स्वेटरचं खालचं बटण मुठीत धरलं होतं. “सगळ्यायसमोर उभं केलं व्हतं रं मला तवा. झाडा घेतला. पर मी खण घेतला नव्हता. त्येवढं माजं मला ठावं व्हतं, म्हणून जगले. आता तू सांग. मी चोर नाय ना, बद्री?”

उद्या सकाळी त्या माणसाला खाटेवरून उठवून जेलात नेणार होते. मैदानावर एक मुलगी गोण्यांवर बसून वाट बघत होती. हे सगळं बद्रीनाथला दिसत होतं, समोर ठेवल्यासारखं, आणि त्याच्याही अलीकडं, हातभर अंतरावर, मायचे डोळे होते.

“नाय माय,” तो म्हणाला. “मी दिले होते ना. तू बटणं लावत होतीस तेव्हाच दिले. सुटे नव्हते तिच्याकडं, मीच शोधून दिले.”

द्वारकाबाईच्या मुठीतलं बटण सुटलं. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या एकेक करून सैल झाल्या आणि ती स्वतःशीच हसली. “आसं व्हय! अन् मी येडी इचार करून करून मेले.” तिनं पदरानं डोळे पुसले. मग तिचा आवाज बदलला. त्यात एक ताठा आला, जो बद्रीनाथनं पूर्वी कधी ऐकला नव्हता. “मंग त्या म्हाताऱ्याचा हात मोडला त्ये लई बरं झालं. दिलेलं नाय म्हणायचं, अन् गरिबाला चोर करायचं? आजून दोन हानायला पायजे व्हते.”

बद्रीनाथ उठून उभा राहिला. तिनं ताट पुढं ओढलं, वरची ताटली काढली आणि गार झालेली भाकरी मोडली. “बस की,” ती म्हणाली, “उभा कामून ऱ्हायला? तू बी खा.”